शून्याची हद्द

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता ३,३०० मेगावॉट आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच, २०१२ ते २०१४ या काळात एकामागून एक सुरू झालेले. हे संच वर्षभर सरासरी सत्तर-पंचाहत्तर टक्के क्षमतेने चालतात असे धरू. अशा सुपरक्रिटिकल संचातून एक मेगावॉट-तास वीज काढताना अंदाजे ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला की वर्षाचा आकडा पावणेदोन ते दोन कोटी टनांच्या घरात येतो. २०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या होती १३,२२,५०७. आता भागाकार करा. माणशी चौदा-पंधरा टन! भारताची सरासरी दोन टनांच्या आसपास असताना सालेकस्याच्या जंगलात पहाटे मोहफुले वेचणारी बाई कागदावर अमेरिकी नागरिकाच्या पंगतीला जाऊन बसते.

आता याच जिल्ह्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू. एक तृतीयांशाहून अधिक भूभागावर जंगल आहे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ साली घोषित झालेला व्याघ्र प्रकल्प इथलाच. शेकडो तलाव, बोड्या, आणि दर पावसाळ्यात पाण्याने भरून जाणाऱ्या धानाच्या बांध्या. मोठे कारखाने फारसे नाहीत. तिरोड्याचे केंद्र तेवढे हिशेबातून बाजूला काढले, तर हा जिल्हा राज्यातल्या सर्वांत कमी कार्बन सोडणाऱ्या जिल्ह्यांत मोडावा. एकाच जिल्ह्याचे हे दोन चेहरे, आणि दोन्ही हिशेब बरोबर. फरक पडतो तो फक्त रेघ कुठे ओढली यावर. गोंदिया हा जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा काढलेला. वीज केंद्र वैनगंगेच्या पलीकडे तुमसर तालुक्यात उभे राहिले असते, तर पाप भंडाऱ्याच्या खात्यावर चढले असते आणि गोंदिया पुण्यवान ठरला असता. धूर तेवढाच, हवा तीच.

हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण 'निव्वळ शून्य', म्हणजे जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा, हे ध्येय आता देशाच्या पातळीवरून राज्य, शहर, जिल्हा असे खाली उतरत चालले आहे. ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१मध्ये पंतप्रधानांनी भारतासाठी २०७० हे साल जाहीर केले. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने आंतरराष्ट्रीय वचने सुधारून घेतली: २००५च्या तुलनेत जीडीपीमागची उत्सर्जन-तीव्रता २०३०पर्यंत ४५ टक्क्यांनी खाली आणायची, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत निम्मा वाटा जीवाश्म इंधनाखेरीजचा करायचा, आणि जंगल व झाडांतून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन जादा शोषून घ्यायचा. मुंबईने मार्च २०२२मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला आणि २०५० हे साल धरले, म्हणजे देशाच्या वीस वर्षे आधी. राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२०पासून सुरू आहे. त्यात ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना पंचमहाभूतांच्या नावाने गुण मिळतात. या रीतीने उद्या जिल्ह्याजिल्ह्यांना शून्याचे साल वाटून दिले जाईल हे ओळखायला ज्योतिषी नको. माझे म्हणणे एवढेच की, जिल्ह्याला शून्य गाठायला सांगणे ही चुकीची मागणी आहे. शून्य कुणी गाठायचे हे वीज कोण विकत घेतो त्यावरून ठरावे, आणि ते गाठताना कुणाचे काय जाईल, कुणाला काय मिळेल, याचा निवाडा मात्र जिल्ह्यात व्हावा. आज नेमके उलटे घडते आहे.

मुंबईच्या आराखड्यातले आकडे या बाबतीत बोलके आहेत. २०१९ साली मुंबई शहराचे एकूण उत्सर्जन २.३४ कोटी टन, आणि त्यातले ७२ टक्के ऊर्जेचे, म्हणजे मुख्यतः इमारतींत जळणाऱ्या विजेचे. माणशी जेमतेम पावणेदोन-दोन टन. सव्वा कोटीच्या महानगराचा सगळा कार्बन एका पारड्यात आणि तिरोड्यासारख्या तालुक्यातल्या एका आवारातला दुसऱ्या पारड्यात टाकला, तर काटा फारसा हलणार नाही. इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो, तो टाळायला हवा. मुंबईची वीज तिरोड्याहून जाते असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. तिला ट्रॉम्बे आहे, डहाणू आहे, जलविद्युत आहे. शिवाय मुंबईच्या आराखड्याने बाहेरून येणाऱ्या विजेचा कार्बन आपल्या खात्यात धरला आहे, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तिरोड्याची वीज प्रामुख्याने महावितरणची. १,३२०, १,२००, १२५ आणि ४४० मेगावॉट असे वेगवेगळ्या वेळी झालेले दीर्घ मुदतीचे करार आहेत, आणि ७६५ केव्हीची वाहिनी ती वीज कोराडी, अकोला ओलांडून औरंगाबादपर्यंत नेते. मराठवाड्यातल्या विहिरीवरचा पंप, पुण्याच्या चाकणमधली यंत्रे, नाशिकचे द्राक्षांचे शीतगृह, हे सगळे त्या धुराचे भागीदार आहेत. भागीदारी चूक नव्हे. महाराष्ट्र गेल्या दहा-बारा वर्षांत भारनियमनातून बराचसा बाहेर आला त्यात अशा केंद्रांचा हात आहे, आणि ते नाकारून पर्यावरणाचा युक्तिवाद करणे लबाडीचे होईल.

पण भागीदारी असेल तर खातेही सामाईक हवे. या केंद्राची गोष्ट सुरुवातीपासूनच जिल्ह्याच्या हद्दीत मावणारी नव्हती. त्याच्यासाठी ठरलेला लोहारा कोळसा पट्टा चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याच्या शेजारी होता. वाघांच्या अधिवासामुळे तो अडला, आणि अडला ते योग्यच झाले. केंद्र मात्र उभे राहिले, कोळसा दुसरीकडून रेल्वेने आला. म्हणजे खाण एका जिल्ह्यात नाकारली, कोळसा भलत्याच राज्यातला, पाणी वैनगंगेचे, राख तिरोड्याची, वीज औरंगाबादची आणि नफ्याचा पत्ता अहमदाबादचा. यातला कार्बन तेवढा 'गोंदिया जिल्हा' या रकान्यात.

कुणी म्हणेल, एवढे जंगल आहे ना, ते शोषून घेईल. ही समजूत सरकारी कागदांत आणि शाळेच्या प्रकल्पवह्यांत सारखीच लाडकी आहे, म्हणून तिचाही हिशेब करू. जिल्ह्यात दोन लाख हेक्टरांच्या जवळपास जंगल. इथले जंगल साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू यांचे. उन्हाळ्यात पाने गाळणारे, बऱ्यापैकी जुने, अधूनमधून वणवे सोसणारे. अशा जंगलात साठलेला कार्बन खूप असतो, पण दरवर्षी नव्याने शोषला जाणारा बेताचाच. तरी सढळ हाताने हेक्टरी पाच टन धरू. दहा लाख टन होतात. तिरोड्याच्या वीस दिवसांच्या धुराएवढे. एकट्या या केंद्राचा हिशेब जंगलाने मिटवायचा तर याच दराने चाळीस लाख हेक्टर लागतील, आणि अख्ख्या महाराष्ट्राचे वनाच्छादन आहे सुमारे एक्कावन्न लाख हेक्टर. उरलेल्या अकरा लाख हेक्टरांत चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी यांचे काय ते भागवायचे! दहा कोटी, तेहतीस कोटी झाडांच्या घोषणा या राज्याने अनेक पाहिल्या. झाडे लावावीत, जगवावीतही. पण चिमणीची पावती म्हणून ती दाखवू नयेत.

जंगलाच्या बाबतीत खरा प्रश्न टनांचा नसून मालकीचा आहे, आणि गोंदियात तो फार जवळचा आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांत २००६च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली जी वाट पाडली, तिच्यावरून इकडची गावेही चालली. तेंदूपानाचा लिलाव ग्रामसभेने स्वतः करणे, जंगलाची राखण स्वतः करणे, ही आता इथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. त्यात तेंदू आहे, बांबू आहे, मोह आहे. कार्बनचे नाव नाही, कारण २००६ साली जंगलातला कार्बन विकण्याजोगा माल आहे हे इथे फारसे कुणाच्या डोक्यात नव्हते. आज तो माल झाला आहे. जून २०२३मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आले आणि त्यांच्याखाली पुढे 'अवनत' वनजमिनीवर झाडे लावून क्रेडिट मिळवण्याची सोय झाली. ज्याला वनखाते अवनत म्हणते त्यावर गावाची गुरे चरतात, पावसाळ्यात सात्या (रानअळंबी) उगवतात, सरपण मिळते. तिथे बाहेरची कंपनी झाडे लावून क्रेडिट नेणार असेल, तर तो कार्बन कुणाचा, हे ग्रामसभेला विचारल्याशिवाय ठरू नये. राज्याने एक साधा शासन निर्णय काढावा: सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रातला कार्बन गौण वनउपजाप्रमाणेच ग्रामसभेचा. तेवढे केले नाही तर निव्वळ शून्याच्या नावाखाली जंगलाचे नवे मालगुजार तयार होतील.

या भागात झुडपी जंगलाचेही एक प्रकरण आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' म्हणून पडून राहिलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी वनजमीन ठरवल्या. या निकालाकडे बहुतेकांनी अतिक्रमणे आणि घरे एवढ्याच नजरेने पाहिले. सौर ऊर्जेच्या बाजूने पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची कल्पना आहे. मेगावॉटमागे चार-पाच एकर जमीन लागते. मराठवाड्यात माळरान मिळते. गोंदियात माळरान म्हणजे झुडपी, झुडपी म्हणजे आता वन. उरते ती धानाची बांधी, आणि बांधीवर कुणी पॅनेल लावणार नाही. तलावांवर तरंगती पॅनेले टाकण्याची कल्पना नकाशावर फार देखणी दिसते. पण त्या तलावांत मासे धरणारे ढिवर आहेत. त्यांच्या संस्थांचा तलावावर मासेमारीचा ठेका आहे, आणि पॅनेलखालच्या अंधाऱ्या पाण्यात कमळ आणि शिंगाडा कसा वाढणार याचे उत्तर सौर कंपनीच्या सादरीकरणात नसते. राज्यभर एकच साचा लावता येत नाही असे आपण नेहमी म्हणतो. इथे ते जमिनीच्या सातबाऱ्यावर दिसते.

तरीही दिवसाची वीज हा या जिल्ह्यातला सर्वांत निकडीचा हवामान-प्रश्न आहे असे मी म्हणेन. त्याला हवामान-प्रश्न कुणी म्हणत नाही एवढेच. उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री शेतावर जायचे, आणि शेत नवेगाव किंवा नागझिऱ्याच्या कडेला असले तर अंधारात वाघ-बिबट्या-अस्वलाच्या भीतीने जायचे. तिरोड्याच्या चिमण्यांचे लाल दिवे जिथून दिसतात, त्या शिवारात शेतीपंपाला वीज ठरावीक तासांपुरती आणि पाळीने येते. याहून मोठा विनोद मला माहीत नाही. निव्वळ शून्याचे धोरण लोकांना आपले वाटावे अशी इच्छा असेल, तर त्याची पहिली खूण ३,३०० मेगावॉटच्या सावलीतल्या गावांना दिवसा वीज ही असावी. पॅनेले कुठे लावायची ते नंतर. जिथे माळ असेल तिथे लावा. वाहिन्या आहेतच.

आता धानाकडे येतो, कारण शेतकऱ्याच्या गळ्यात जबाबदारी बांधायची वेळ आली की सगळ्यांचे लक्ष धानाकडेच वळते. बांधीत पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो, सेंद्रिय पदार्थ कुजतात आणि मिथेन तयार होतो. धानाच्या पोकळ खोडातून तो नळीवाटे यावा तसा वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीस पट तापवणारा. जिल्ह्यात खरिपाचा धान पावणेदोन-दोन लाख हेक्टरांवर. हेक्टरी हंगामाला शंभर किलो मिथेन धरला तर एकूण अठरा-वीस हजार टन, म्हणजे कार्बनच्या भाषेत पाच-साडेपाच लाख टन. तिरोड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे. जंगलाने शोषलेल्या कार्बनशी त्याची वजाबाकी केली तर जिल्हा केंद्राविना शून्याच्याही खाली जातो. या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. गुरे, वाहने, वीटभट्ट्या, राइस मिलचे बॉयलर यांतले मी काहीच मोजलेले नाही.

धानाच्या मिथेनचा हा आकडा एकेकाळी जागतिक भांडणाचा विषय होता. १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतातल्या धानशेतीतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो असा अंदाज मांडला होता. तो युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरच्या मोजण्या इकडे ताणून काढलेला. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजण्या झाल्या आणि आकडा निघाला सुमारे चाळीस लाख टन. नऊ-दहा पटींचा फरक! कारण आपली बरीचशी बांधी पावसावर, मध्येच सुकणारी, आणि सदासर्वकाळ पाण्यात बुडालेली नसते. त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांना एका तागडीत तोलू नका असे बजावले. तीस-पस्तीस वर्षे झाली तरी तो मुद्दा जुना झालेला नाही. फक्त आता तो देशादेशांपुरता राहिला नसून राज्याच्या आतही लागू पडतो. वातानुकूलित मॉलचा टन आणि रोवणीच्या चिखलाचा टन सारखा मानणारे जिल्हा-धोरण आपण घरातल्या घरात तीच चूक पुन्हा करेल.

धानाचा मिथेन कमी करण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: बांधी आलटूनपालटून भरायची आणि सुकू द्यायची. मिथेन तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत घटतो. पण खरिपातल्या बांधीतले पाणी आकाशातून पडते आणि ते शेतकऱ्याची ठेव असते. परतीचा पाऊस दगा देतो, लोंबी भरण्याच्या वेळी ओल लागते, म्हणून तो धुरा उंच बांधून पाणी अडवतो. त्याला ऑगस्टमध्ये बांधी सुकव म्हणणे म्हणजे वाईट दिवसांसाठी राखलेली ठेव आजच मोड म्हणण्याइतके सोपे आणि तितकेच फुकट. उन्हाळी धानाचे तसे नाही. तिथे पाणी इटियाडोह धरणाचे, पुजारीटोला-सिरपूरच्या कालव्यांचे, आणि ते कधी सोडायचे हे जलसंपदा विभाग ठरवतो. पाण्याच्या पाळ्या अशा लावता येतात की बांधी मध्ये सुकेल आणि त्याच पाण्यात जास्त क्षेत्र भिजेल. म्हणजे मिथेन घटवण्याचे हँडल शेतकऱ्याच्या हातात नाही, कालव्याच्या दरवाजावर आहे. पण पाळीपत्रक बदलण्यापेक्षा शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणे सोपे असते, चहा-बिस्किटात भागते.

कार्बन क्रेडिट विकून शेतकऱ्याला पैसे मिळवून देऊ असे सांगणारे प्रतिनिधी धानपट्ट्यात फिरू लागले आहेत. हेक्टरी एक टन वाचला, टनाला हजारभर रुपये मिळाले, त्यातला मध्यस्थाचा, मोजणीचा आणि पडताळणीचा वाटा गेला, तर हातात पाचशे उरतील. राज्य सरकार २०२३-२४मध्ये धान उत्पादकाला हेक्टरी वीस हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, प्रोत्साहन म्हणून देऊन बसले आहे. या दोन आकड्यांत कोणाचा जोर किती हे सांगायला नको. शिवाय या बाजाराची पतही डळमळीत. व्हेरा या प्रमाणन संस्थेने २०२४मध्ये चीनमधले ३७ धान-प्रकल्प एकदम बाद केले. ज्यांना हे क्रेडिट विकले गेले त्यांनी त्या जोरावर स्वतःचा धूर माफ करून घेतला असेल, तो काही परत आला नाही. पाचशे रुपयांसाठी गोंदियाच्या शेतकऱ्याने एखाद्या तेल कंपनीच्या पापाला साक्षी राहू नये, असे माझे मत आहे.

आणि बांधी म्हणजे केवळ मिथेनची भट्टी नव्हे. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, मूठभर. तो भर पावसात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत घरटे करतो. बांध्या सुकवण्याची मोहीम नेमक्या त्याच महिन्यांत जोरात चालवली तर कार्बनचे गुण मिळतील आणि सारस जाईल. कोहळी समाजाने शतकानुशतके बांधलेले तलाव, १९५०-५१मध्ये मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव झालेले, हेही कार्बनच्या वहीत कुठे बसतात कुणास ठाऊक. तलावाच्या गाळातूनही मिथेन येतो! म्हणून काय तलाव बुजवायचे? अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या लोकांना, विशेषतः बायकांना बरोबर घेऊन तलावांतल्या मूळच्या पाणवनस्पती आणि देशी मासे परत आणले आहेत. त्या कामाने जिल्ह्याचे शून्य एका टनानेही जवळ आले नसेल. पण पाऊस लहरी झालेल्या काळात गावाला तगवणारे काम कुठले, असे विचारले तर मी आधी त्याचे नाव घेईन. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने गोंदिया-भंडाऱ्याची नदीकाठची गावे बुडाली, तेव्हा त्या लोकांनी उत्सर्जन किती कमी केले असते म्हणजे पूर टळला असता? काही नाही. उत्सर्जन घटवणे जगाचे काम, तगून राहणे गावाचे, आणि निधी मात्र पहिल्याच नावाने येतो.

जैविक इंधनाचे उदाहरण याच सुराचे. कोळशाबरोबर काडी-कचऱ्याच्या गोळ्या जाळाव्यात, पाच टक्क्यांपासून सुरुवात करावी, असे केंद्राचे धोरण आहे. धुराला आळा आणि शेतकऱ्याला दाम, दिल्लीच्या आसपास पराळी जळते तिथे हे सुचले यात नवल नाही. तिरोड्याला वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास कोळसा लागत असेल. त्याचे पाच टक्के म्हणजे सहा-साडेसहा लाख टन. जिल्ह्यातल्या सगळ्या खरीप धानाची तणीस मोजली तरी जेमतेम तेवढीच निघेल. मग गुरांनी काय खायचे? राइस मिलचा कोंडाही मोकळा नाही. उकड्या तांदळाच्या बॉयलरमध्ये तो आधीच जळतो. म्हणजे कागदावर जो 'कचरा' आहे तो इथे कुणाचा तरी चारा किंवा इंधन आहे. हार्वेस्टर आल्यापासून काही बांध्यांत तणीस जाळली जाते हे खरे. तेवढी उचलावी. जिल्ह्याचा कोटा ठरवून नव्हे.

इतके सगळे वजा करून जे उरते ते पाच संच. त्यांचे काय होणार, आणि केव्हा, हाच गोंदियाच्या निव्वळ शून्याचा खरा मजकूर आहे. २०७० हे साल त्या बाबतीत निरुपयोगी आहे. करार पंचवीस वर्षांचे, संच २०१२-१४चे. म्हणजे २०३७ ते २०३९च्या दरम्यान महावितरणला आणि वीज नियामक आयोगाला ठरवावे लागेल की ही वीज पुढे घ्यायची की नाही. सौर वीज साठवणुकीसह तोपर्यंत किती स्वस्त झालेली असेल यावर बरेच अवलंबून आहे. पण सप्टेंबर २०२४मध्ये महावितरणने तिरोड्याचे केंद्र ज्याचे आहे त्याच उद्योगसमूहाला ६,६०० मेगावॉटचे जे इरादापत्र दिले, त्यात ५,००० मेगावॉट सौर होती आणि १,६०० मेगावॉट नवी औष्णिक. अजून पंचवीस वर्षांची औष्णिक वीज आज बांधून घेणाऱ्या राज्याने जिल्ह्याला शून्याचे धडे देऊ नयेत.

संच बंद होणे ही बातमी तिरोड्याला गोड लागेल असे समजायचे कारण नाही. तिथे कामावर असलेले, कंत्राटी कामगार, ट्रकवाले, राखेच्या विटा करणारे, खानावळी चालवणारे, ग्रामपंचायतींचा कर, हे सारे त्याच्यावर उभे आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना जमीन गेली तेव्हा नोकरीचे वचन मिळाले. केंद्र बंद होईल तेव्हा कशाचे वचन मिळणार? जर्मनीने २०२० साली कोळसा सोडण्याचा कायदा केला, बंद करण्याची शेवटची तारीख २०३८ ठरवली आणि लुसाटियासारख्या कोळसा-प्रदेशांसाठी चाळीस अब्ज युरोपर्यंतची तरतूद त्याच वेळी मांडली. श्रीमंत देशाची गोष्ट, असे म्हणून ती झटकता येईल. पण झारखंडसारख्या गरीब राज्याने नोव्हेंबर २०२२मध्ये न्याय्य संक्रमणासाठी कृतिदल नेमले. कोराडी, चंद्रपूर, तिरोडा, परळी अशी कोळशावर जगणारी गावे महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यांच्यासाठी असे काही नेमायला इथे अडचण काय आहे?

माझ्या मते हे ठरवायची वेळ २०३७ नव्हे, आत्ताच आहे, आणि ते वीजदराच्या आदेशात लिहिले जावे. आज युनिटमागे एखादा पैसा बाजूला काढला, तर वर्षाला दोन हजार कोटी युनिटांवर वीस कोटी रुपये जमतात. बारा-तेरा वर्षांत व्याजासकट बऱ्यापैकी निधी होतो. तो राज्याच्या तिजोरीत न जाता तिरोडा तालुक्यासाठी वेगळा राहावा. धूर जिथे, पैसाही तिथे, असे एकदा तरी व्हायला हरकत नाही. ७६५ केव्हीची वाहिनी आणि केंद्राची जमीन या दोन गोष्टी मोठ्या बॅटऱ्यांसाठी तयारच आहेत. उद्या कोळसा गेला तरी तिथून वीज जाऊ शकते, आणि तिच्यावर थोडी का होईना माणसे कामाला राहू शकतात.

पाण्याचा प्रश्न यापेक्षा सोपा आणि अधिक निकडीचा. केंद्राला पाणी मिळते वैनगंगेतून, धापेवाड्याच्या त्याच बंधाऱ्यामागून, ज्याच्या उपसा सिंचन योजनेवर तिरोडा-गोरेगावच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आशा ठेवली आहे. एक एक संच थंड होईल तसतसे त्याच्या वाट्याचे पाणी मोकळे होईल. ते दुसऱ्या कारखान्याला द्यायचे की सिंचनाला, हे त्या वेळी कुणीतरी फाईलवर ठरवील. त्याऐवजी ते आरक्षण संचाच्या आयुष्याशी बांधून टाकावे, आणि संच बंद झाल्याच्या दिवशी पाणी आपोआप धापेवाड्याच्या सिंचनाकडे परत जाईल असा ठराव जलसंपदा विभागाकडून जिल्हा परिषदेने आजच करून घ्यावा.